सोलापुरात राहून व्हायोलिनची सोलो कलाकार होता येईल का?

प्रश्न एका आईचा आहे, थोडक्यात असा: ‘माझी मुलगी 18 वर्षांची आहे. लहानपणापासून हिंदुस्थानी व्हायोलिन शिकते. संगीत विशारद झाली, विद्यापीठाच्या युवक महोत्सवात सूरवाद्यात पहिली आली. तिला सोलो वादनच करायचं आहे. आमचं पूर्व भागात छोटं यंत्रमागाचं काम आहे. घरचे म्हणतात आधी डिग्री कर. ओळखीतले म्हणतात पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही. एका सरांनी सांगितलं, एकदा साथीला बसलीस की सोलो विसर. आम्ही काय करावं?’

ताई, आधी सरळ उत्तर देतो. पुण्याला बिऱ्हाड हलवायची आत्ता गरज नाही. डिग्री करू द्या. साथीला तर अगदी आग्रहाने बसवा. आणि पहिल्या नंबरचा आनंद जरूर माना, पण त्यावरून ती सोलो कलाकार झाली असं धरून चालू नका. मी सोलापुरात बरीच वर्षं व्हायोलिन वाजवतो आणि शिकवतो. हुशार मुलं नेमकी याच वळणावर अडलेली पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युवक महोत्सवात सूरवाद्याला 10 मिनिटं मिळतात. त्यात थोडा आलाप, विलंबितचा (धीम्या लयीचा) नुसता स्पर्श, मग द्रुत (जलद लय), दोन-चार सपाट ताना, तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणलेला तुकडा) आणि शेवटी ‘झाला’ हा वेगवान भाग, असा साचा ठरलेला असतो. मुलं तो साचा महिनोन् महिने घोटतात आणि चोख वाजवतात. परीक्षकही त्यात तयारीच, म्हणजे हाताचा वेग आणि सफाईच, बघतात, दुसरं काही बघायला वेळच नसतो. मैफलीत मात्र एक राग 45 मिनिटं ते तासभर मांडायचा असतो. तिथे पहिली 10 मिनिटं तर षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, आसपासच जातात. नुसत्या तयारीवर तासभर काढू पाहणारं मूल 15व्या मिनिटाला तीच तान परत वाजवायला लागतं आणि 20व्या मिनिटाला लय वाढवतं, कारण हातातलं संपलेलं असतं. श्रोत्यांना कारण सांगता येत नाही, पण ते चुळबुळ करू लागतात.

म्हणून माझ्या मते पुढच्या चार-पाच वर्षांचं काम एकच आहे: 10 मिनिटांचा तास करायचा. बाकी सगळं, म्हणजे गाव कुठलं, पदवी कुठली, बक्षिसं किती, हे त्या कामाला मदत करतं की आड येतं, एवढ्यावरच तोलायचं.

हा तास कसा तयार होतो? माझ्या अनुभवात गाण्यातून. व्हायोलिनचा एक गुण आहे आणि तोच त्याचा सापळाही आहे. बो (तारांवर फिरवायचा गज) परतवत राहिलं की सूर न तुटता हवा तितका वेळ चालू राहतो. गवयाला श्वास घ्यायला थांबावं लागतं, बासरीवाल्यालाही लागतं. व्हायोलिनवाल्याला कोणी थांबवत नाही. मग तो थांबतच नाही, एका वाक्यातून दुसऱ्यात वाहत जातो आणि ऐकणाऱ्याला वाक्य कुठे संपलं ते कळत नाही. यावर उपाय एकच. प्रत्येक बंदिश आधी शब्दांसकट गळ्याने म्हणायची. मग शब्द जिथे तुटतो तिथेच बो बदलायचा. एका अक्षराच्या मधोमध बोची दिशा बदलली तर ती मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) गायकीची राहत नाही. मुलीचा आवाज चांगला आहे की नाही याचा इथे संबंध नाही. सुरात म्हणता आलं की पुरे.

आपल्याकडच्या मोठ्या नावांकडे बघा. गजाननराव जोशी गवई आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांचं गाणं त्यांच्याकडे होतं आणि उल्हास कशाळकरांसारखे गायक त्यांच्या हाताखाली तयार झाले. एन. राजम यांचं मूळ शिक्षण कर्नाटकी, वडिलांकडे झालेलं. पंडित ओंकारनाथ ठाकूरांचं मार्गदर्शन मिळालं आणि त्यांच्या व्हायोलिनमधून ख्याल बोलायला लागला. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. दामोदर केशव दातार विघ्नेश्वर शास्त्रींकडे शिकले, पण त्यांच्या वादनावर दत्तात्रेय विष्णू पलुस्करांच्या गायकीची छाया कायम राहिली. कला रामनाथ पंडित जसराजांकडे शिकल्या. वि. गो. जोगांचा बाज थोडा वेगळा, लयकारीकडे झुकणारा, पण त्यांनीही बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर जुगलबंद्या वाजवल्या, म्हणजे श्वासावर चालणाऱ्या वाद्याशेजारी बसून वाजवलं.

आता त्या सरांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ते मला मुळीच पटलेलं नाही. वर लिहिलेल्यांपैकी कोणीही गाण्यापासून लांब राहून सोलो कलाकार झालेलं नाही. साथीला बसलं की विलंबित ख्यालात गवई काय टाळतो, कुठे थांबतो, एकच स्वर दहा बाजूंनी कसा दाखवतो, हे दोन फुटांवरून ऐकायला मिळतं. गवयाने सोडलेली जागा भरायची आणि त्याने तोंड उघडताच मागे सरायचं, हा संयम क्लासमध्ये शिकवता येत नाही. नाट्यसंगीताची साथ वेगळ्या कामाची. गायक कुठल्या पट्टीत गाईल याचा नेम नसतो, त्यामुळे कुठल्याही षड्जावरून वाजवायची सवय लागते. माझी अट एकच आहे. साथ करायची ती रागदारीची आणि नाट्यपदांची. मंगल कार्यालयात पाहुणे जेवत असताना सिनेमाची गाणी वाजवण्याचे पैसे बरे मिळतात आणि त्यात पाप काही नाही. पण तिथे कोणी ऐकत नसतं. न ऐकणाऱ्यांसमोर वाजवायची सवय 18व्या वर्षी लागली तर हात आळशी होतो. घराला पैशांची खरोखर गरज असेल तर करावं, नाहीतर थांबावं.

पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, राहता, तेव्हा घरात किंवा शेजारी तेलुगू असणारच. या गोष्टीचा व्हायोलिन शिकणाऱ्याला किती फायदा आहे, हे आपल्या गावाच्या फारसं लक्षात आलेलं नाही. व्हायोलिन भारतीय संगीतात रुजलं ते दक्षिणेत. बालुस्वामी दीक्षितर आणि वडिवेलु यांच्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, ते तिथल्या मैफलीचा अविभाज्य भाग आहे. आंध्रच्या द्वारम वेंकटस्वामी नायडूंनी (1893-1964) ते साथीच्या जागेवरून उचलून सोलोच्या जागी आणून बसवलं. म्हैसूरच्या टी. चौडय्यांनी मोठ्या सभेत आवाज पोचावा म्हणून सात तारांचं व्हायोलिन केलं. एम. एस. गोपालकृष्णन तर कर्नाटकी आणि हिंदुस्थानी दोन्ही तितक्याच अधिकाराने वाजवत. आपल्या गावात तेलुगू आणि कन्नड कुटुंबं इतकी आहेत की कर्नाटकी संगीत जाणणारं कोणी ना कोणी भेटतंच. त्यांच्याकडून चार-पाच वर्णम् (कर्नाटकी संगीतातल्या अभ्यासाच्या रचना) नीट शिकून घ्या. तीच रचना आधी एका लयीत आणि मग दुपटीत वाजवायची. बोटं आणि बो यांचा मेळ त्याने जितका पक्का होतो तितका आपल्या अलंकारांनी, म्हणजे स्वरांच्या पलट्यांनी, होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. राग मात्र आपल्याच पद्धतीने मांडायचा, दोन्हींची खिचडी नको. पाश्चात्त्य परीक्षा आणि वाद्यवृंद हा आणखी वेगळाच मार्ग आहे, त्याची घडण लहान वयात वेगळी करावी लागते. या टप्प्यावर तिकडे वळू नका.

पुण्याबद्दल. गुरू पुण्यात असेल तर जाणं भागच आहे. पण जाणं म्हणजे राहणं नव्हे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन शिकून संध्याकाळी परत येता येतं, आणि सोलापूरची मुलं वर्षानुवर्षं हे करत आली आहेत. आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा तालीम आणि उरलेले दिवस घरी रियाज, ही घडी पुण्यात खोली घेऊन राहण्यापेक्षा पुष्कळदा बरी चालते. खोली, जेवण, येणं-जाणं आणि शेजारच्यांची तक्रार यांत रियाजाचे तास जातात. इथे निदान स्वतःचं घर आहे. मागाच्या खटखटाटाची तुम्हाला काळजी वाटत असेल, तर पहाटे माग सुरू व्हायच्या आधीचे दोन तास तिचे ठेवा. दिवसा त्या आवाजात वाजवू नये. कान सूक्ष्म श्रुती ऐकायचं सोडतो आणि बो नकळत दाबला जातो.

इथे करायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक तबलजी जोडणं. तिच्याच वयाचा, तिच्याइतकाच भुकेला. आठवड्यातून दोनदा दोघांनी एकच राग तासभर वाजवायचा, विलंबित एकताल किंवा तीनतालात, मधे न थांबता. मोबाइलवरचा तयार लेहरा (फिरती धून) किंवा ठेका (तालाचे बोल) कितीही सोयीचा असला तरी तो समोरच्याचं ऐकत नाही. महिना-दोन महिन्यांनी घरीच बैठक ठेवा. पंधरा-वीस माणसं, सतरंजी, माइक नाही. त्यात दोघं-तिघं जाणकार असावेत आणि बाकी साधे श्रोते. तीन वर्षं एवढं झालं तर तिच्या हातात आठ-दहा राग असे असतील, जे कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळेला, तासभर वाजवता येतील. विशारदच्या अभ्यासक्रमात राग यापेक्षा पुष्कळ जास्त होतात हे मला माहीत आहे. ते ओळखीचे राग. हे आठ-दहा मात्र तिचे स्वतःचे हवेत.

व्यासपीठाचं म्हणाल तर आकाशवाणीपासून सुरुवात करा. सोलापूरला केंद्र आहे, ऑडिशनचा अर्ज तिथेच मिळेल. ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ अशा श्रेणी असतात, सुरुवात साधारणपणे ‘बी’पासून. वर्षाकाठी कार्यक्रम थोडेच मिळतात, पण श्रेणी असलेला कलाकार म्हणून आयोजक वेगळ्या नजरेने बघतात. शिवाय ठरलेल्या वेळेत, एकही शब्द न बोलता, राग पूर्ण मांडण्याची शिस्त लागते. मग आसपासच्या जुन्या जागा. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारा संगीत सोहळा, कोल्हापूरचा 1883 सालचा देवल क्लब, पुण्याचा भारत गायन समाज, मुंबईत सूरसिंगार संसदेचं ‘कल के कलाकार’ संमेलन. सवाई गंधर्व महोत्सवाचं स्वप्न प्रत्येकाला असतं, तिलाही असू द्या. पण तिथे अर्ज करून जाता येत नाही. छोट्या बैठकांतून नाव तिथवर पोचावं लागतं.

आयोजक आता पहिल्यांदा व्हिडिओच मागतात. तो एकाच सलग टेकचा असावा, आलापापासून विलंबितच्या दोन-तीन आवर्तनांपर्यंत, जोडकाम न केलेला. नुसत्या झाल्याचा तुकडा पाठवू नका, तो सगळेच पाठवतात. घुमारा वाढवून सूर गोड करण्याच्या भानगडीत पडू नये, जाणकाराला लगेच कळतं. आणि सभागृहात घोडीला (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला) चिकटवलेला पिकअप, म्हणजे छोटा माइक, शक्यतो टाळा. त्याने बोची खरखर वाढते आणि मंद्रातला (खालच्या सप्तकातला) गोडवा मरतो. वाद्यापासून हातभर अंतरावर एक चांगला कंडेन्सर माइक, आणि मॉनिटरमध्ये तानपुरा स्पष्ट. ध्वनिव्यवस्थेवाल्याला हे आधी, शांतपणे, लिहून द्यायला तिला आत्तापासून शिकवा.

आता वाद्याची गोष्ट, कारण सोलापूरच्या हवेत ती निराळी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो आणि हवा कोरडीठाक. व्हायोलिनचे जोड सरसाने चिकटवलेले असतात. फार उष्णतेत तो सरस सुटतो आणि कडेचा जोड उघडतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. जोड मुद्दामच असा ठेवलेला असतो, म्हणजे ताण आल्यावर लाकूड तडकण्याऐवजी जोड सुटावा. पण तसंच वाजवत राहिलं तर आवाज भसाडा होतो, आणि घरी फेविकॉल लावला तर कारागिराला पुढे ते व्हायोलिन नीट उघडताच येत नाही. तेवढं करू नका. पत्र्याच्या खोलीत, कपाटावर, उभ्या गाडीत, एसटीच्या टपाजवळच्या फळीवर व्हायोलिन ठेवू नये. उन्हाळ्यात पेटीत ओलसर, पण न टिपकणारा, स्पंजचा तुकडा छिद्रं पाडलेल्या डबीत ठेवावा. या दिवसांत खुंट्या आकसून सुटतात, पावसाळ्यात त्याच फुगून जाम होतात. खुंटीला लावायची पेस्ट मिळते, ती वर्षातून दोनदा लावली की पुरतं. खुंटीने सूर लावताना घोडी दर वेळी थोडी पुढे ओढली जाते. तिची मागची बाजू सरळ उभी आहे ना, हे रोज पाहायचं. वाकलेली घोडी एका दिवशी आडवी होते आणि तीही बहुधा मैफलीच्या दिवशी. तारा बदलताना एकेक बदलायची. चारही एकदम काढल्या तर व्हायोलिनच्या आतला उभा लाकडी खांब पडतो आणि तो बसवायला इथे जाणता माणूस सहज सापडत नाही.

तारांबद्दल एवढंच, की आपण पाश्चात्त्य सुरावटीत लावत नाही. कोणी सा-प-सा-प लावतं, कोणी प-सा-प-सा, आणि षड्जही बहुधा खालचा. त्यामुळे काही तारा सैल पडतात आणि बो जरा दाबला की सूर उतरतो. गुरूंना विचारून त्या जागी थोड्या जाड तारा वापरा. चांगल्या नव्या वाद्यावर मोठा खर्च करण्याआधी चांगला बो घ्या. कार्बन फायबरचा बो आपल्या उन्हाळ्यात वाकत नाही. वाजवून झालं की बोचे केस सैल करायचे, कारण कोरड्या हवेत ते आणखी आखडतात आणि काठी वाकडी होते.

शरीरही जपायला हवं. आपण मांडी घालून, वाद्याचं टोक पावलावर टेकवून वाजवतो. कमरेवर आणि डाव्या मनगटावर ताण येतो. दर 40-45 मिनिटांनी उठून चालायचं. करंगळीला मुंग्या येत असतील किंवा मनगट रात्री दुखत असेल, तर ते अंगावर काढू नका, हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. दुखऱ्या हाताने रियाज वाढवणं म्हणजे तपश्चर्या, असा एक समज आपल्याकडे आहे. तो मुलांचे हात कायमचे बिघडवतो.

पैशांचं मी गोड बोलणार नाही. पहिली काही वर्षं सोलोच्या मानधनातून घर चालत नाही. सोलो कलाकाराला तबलजीचं मानधन द्यायचं असतं, कधी तानपुऱ्याला कोणी बसवायचं असतं, प्रवास असतो. एकत्र पाकीट मिळालं आणि त्यातून सगळ्यांचे दिले की हाती फारसं उरत नाही. म्हणून आयोजकाशी बोलतानाच साथीदाराचं मानधन आणि प्रवासखर्च वेगळा ठरवून घ्यायचा. यात मुलीला संकोच वाटेल, म्हणून सुरुवातीला तुम्ही बोला. तबलजीचे पैसे मात्र त्याच रात्री द्यायचे, आयोजकाकडून आले असोत वा नसोत. गावात हे नाव फार लवकर होतं आणि चांगला साथीदार त्यावरच टिकतो. नियमित उत्पन्न शिकवण्यातून येईल. चार-पाच लहान मुलं तिने आत्तापासून घ्यायला हरकत नाही. शिकवताना स्वतःच्या हाताकडे नव्याने बघावं लागतं. पण संध्याकाळ पूर्ण शिकवण्यात गेली आणि रियाज रात्री अकराला ढकलला गेला, असं होऊ देऊ नका. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांचं सोलो वादन साथीमुळे नाही, तर असंच, शिकवण्यांमुळे सुटलं.

डिग्रीचा प्रश्न त्यामुळे सोपा होतो. जी पदवी सकाळ मोकळी ठेवते ती घ्यावी. संगीतातच बी.ए. केलं तर पुढे एम.ए. करून, नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकीचा मार्ग राहतो. वाणिज्य केलं तरी बिघडत नाही, कारण मैफलीचा तास तिला कुठलंच महाविद्यालय देणार नाही. तो गुरूकडे आणि घरी तयार होईल. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय 18 ते 25, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. पुण्याला तालमीला जाण्याचं गाडीभाडं आणि तबलजीचा चहापाणी-खर्च त्यातून निघतो. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार ही पुढची पायरी, त्याला अजून अवकाश आहे. मंत्रालयाच्या शिष्यवृत्तीला मात्र ती याच वर्षापासून वयात बसते. गुरूकडे निदान पाच वर्षं शिकल्याचा दाखला त्यासाठी लागतो, तो आत्ताच मागून ठेवा. जाहिरात आल्यावर धावपळ केली की नेमका तोच कागद राहतो.